यंदा नाताळ गावी: चुलीवरचा केक आणि तुराटीची चांदणी कोणाला जमते?

अचलपूरची_पोट्टी
१० डिसेंबर, रात्री १०.१५

मंडळी, मदत पाहिजे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आमचं गाव परतवाड्याहून आत, सातपुड्याच्या पायथ्याशी. ख्रिस्ती घरं सात. माझ्या लहानपणी अकरा होती, पण पोरं शिकली आणि अमरावती, नागपूर, पुणे अशी पांगली. आमच्याही घरात आता आजी आणि काका-काकू एवढीच. यंदा अकरा वर्षांनी आम्ही सगळी भावंडं एकदम नाताळाला गावी जातोय. मोठे नऊ, चिल्लीपिल्ली सहा. काकांनी फोनवर तंबी दिली, "येजा सारे. पण बेकरीतून केक-बिक आणू नोका. माय करे तसाच चुलीवर करू."

बोलायला काय जातं! आजी ८४ वर्षांची. मोतीबिंदू काढला तरी नजर अधूच. माप विचारलं की म्हणते, "माप कायचं वो, मी तं हातानं घेत होती."

आमच्याकडं नाताळाची सुरुवात व्हायची कापसापासून. पहिल्या वेचणीला सीतादही (वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा) झालं की नाताळापर्यंत दुसरा वेचा घरात येऊन पडायचा. मधल्या खोलीत ढीग पार आढ्यापर्यंत. आम्ही त्यात उड्या मारायचो, मग अंगभर खाज आणि वरून मार. आबाजी बंडी भरून कापूस विकायला न्यायचे. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, वेळेवर मिळाला तर नवे कपडे, नाही तर "पुढच्या साली घेऊ". एका वर्षी तो थेट फेब्रुवारीत मिळाला. त्या नाताळात आजीनं आईची एक जुनी साडी फाडून आम्हा तिघी बहिणींना एकसारखे झगे शिवले. फोटो आहे अजून. एकाच खिडकीचे तीन पडदे उभे केल्यासारख्या दिसतो.

वीस डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा १९५६ साली आमच्याच जिल्ह्यात, वलगावजवळ गेले, त्यामुळं आमच्याकडं हा दिवस चुकत नाही. सकाळीच सारं गाव खराटे घेऊन बाहेर. नाल्या, चावडी, मारुतीचा पार, आमच्या देवळापुढची गल्ली, सगळं लख्ख. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. टिनाचं छप्पर, मावतात साठ माणसं.) आजी दरवर्षी म्हणायची, "पाय, बाबानं आपला नाताळ झाडून ठेवला."

फराळ दिवाळीचाच, फक्त दीड महिना उशिरा. करंज्या, अनारसे, शेव, चकल्या, चिवडा. शेजारच्या काकू आणि आजी यांच्यात मिळून करंजीचं कातणं एकच होतं, पितळेचं. दिवाळीत ते त्यांच्याकडं, मागोमाग आजी लाटायला. नाताळात ते आमच्याकडं, मागोमाग काकू. गीतफेरीला पेटी आमची, ढोलकी वरच्या आळीतली, खंजिरी गुरुदेव सेवा मंडळाची. रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती भजनं त्या खंजिरीवर अशी चढायची की ऐकणाऱ्याला वाटावं, भजन मंडळच निघालंय.

आणि २४ च्या रात्री गोठा. गव्हाणीचा देखावा आम्ही कधी मांडला नाही. खरी गव्हाण होती, खरी बैलजोडी होती, मांडायचं काय? आबाजी कंदील धरायचे आणि आजी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचायची. मधेच एखादा बैल फुर्रकन नाक सोडायचा, गळ्यातली घाटी वाजायची, आणि आम्ही पोरं तोंडावर हात धरून हसायचो. आजी न थांबता वाचत राहायची.

आता मुद्द्याचं. चुलीवर केक कसा भाजतात? तुराटीची चांदणी कशी बांधतात? आबाजी बांधायचे, आम्ही नुसते खळ लावायला. आणि तिसरी अडचण जरा विचित्र आहे. आजीच्या केकला एक वास होता. वेलची नाही, जायफळ नाही, इसेन्स तर नाहीच. थोडा धुरकट, थोडा हिरवा, तुरट. पुण्यात वीस ठिकाणचे केक खाल्ले, तो वास कुठं भेटला नाही. आजीला विचारलं तर म्हणते, "वास? कायचा वास?"

मूर्तिजापूरकर
१० डिसेंबर, रात्री ११.०२

केकचं मला ओ की ठो कळत नाही, पण अचलपूर म्हटलं की आमची मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वेगाडी, शकुंतला, आठवते. ७६ किलोमीटरला चार तास. माझे वडील तिकडं जिनिंगमध्ये कामाला होते. डिसेंबरात डब्यात कापसाचे व्यापारी, संत्र्यांच्या टोपल्या आणि नाताळाला माहेरी निघालेल्या एक-दोन नर्सबाया हमखास असायच्या. त्या नर्सबाईंच्या डब्यातली चकली मी खाल्लेली आहे. आता गाडीच बंद आहे. तुम्ही बडनेऱ्याला उतरून एसटीनं जाणार असाल.

अचलपूरची_पोट्टी
१० डिसेंबर, रात्री ११.२०

हो, बडनेरा आणि पुढं एसटी. आत्या शकुंतलेनंच यायची हो! गाडी इतकी हळू, की आबाजी स्टेशनवर घ्यायला जाताना आधी वावरात चक्कर मारून जायचे.

गंजभर_तर्री
११ डिसेंबर, सकाळी ७.३०

चुलीवरचा केक मी दर हिवाळ्यात करतो (आमचा सण नाही, जीभ आहे). लिहून घ्या.

बारीक रवा दोन वाट्या, पिठीसाखर सव्वा वाटी, दही एक वाटी, फल्लीचं तेल अर्धी वाटी. तेलाला वास नको असेल तर लोणी. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. मग अर्धी वाटी दूध. तुमच्याकडं आंबिया बहाराची संत्री उतरत असतील, त्यांची साल किसून घाला. संत्रं सोलायच्या आधी किसा. आपल्या संत्र्याची साल इतकी सुटी असते की सोलल्यावर हातात नुसतं लोंबतं, किसता येत नाही. पांढरं किसू नका, कडू होतं. अगदी शेवटी एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, आणि त्यानंतर गप्पा मारत बसायचं नाही.

एक मोठा जाड गंज घ्या. तळाला चार बोटं वाळू, नदीची, चाळलेली, कोरडी ठक्क. त्यावर तिवई. झाकण घालून पंधरा मिनिटं तापवा. मिश्रणाचा डबा आत तिवईवर ठेवा, वाळूवर थेट नाही. झाकणावर निखारे पसरा. चुलीतलं लाकूड ओढून फक्त निखाऱ्यांवर ठेवायचं. जाळ दिसला की केक गेला. पाऊण तासानं झाडूची धुतलेली काडी खुपसून बघा, कोरडी निघाली की उतरवा.

पहिला जळेलच. तो पोरांना सांगू नका, दुसरा दाखवा.

खळ_आणि_कागद
११ डिसेंबर, दुपारी १.१०

चांदणीबद्दल. ताई, डिसेंबरात तूर वावरात उभी असते, शेंगा भरत असतात. तुराटी येते तूर कापून झोडल्यावर. म्हणजे आजोबा गेल्या सालची ठेवलेली वापरत असणार. गोठ्याच्या माळ्यावर किंवा सरपणात बघा, सरळ आणि करंगळीएवढी जाड निवडा. फार वाळलेली कटकन मोडते, म्हणून रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा.

दहा काड्या एकाच मापाच्या. पाच काड्यांची एक चांदणी, पोरं पाटीवर हात न उचलता काढतात तशी. दुसऱ्या पाचांची दुसरी. दोन्ही एकावर एक ठेवून पाची टोकं सुतळीनं घट्ट बांधायची. आता मधे जिथं काड्या एकमेकींना छेदतात अशा पाच जागा दिसतील. तिथं दोन्ही चांदण्यांच्या मधे वीतभर काडीचे पाच टेकू अडकवा. चांदणी आपोआप पोटानं फुगते. सगळी गंमत त्या पाच टेकूंत आहे. ते विसरले की चपाती होते.

पतंगी कागद, मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, किडा-मुंगी लागत नाही. एक बाजू उघडी ठेवा, आत बल्ब सोडायला. एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापतो.

वसईवाला
११ डिसेंबर, दुपारी ३.४५

वा! आमच्या वसईत गव्हाणी म्हणजे आळी-आळीची चढाओढ. धबधबा, पवनचक्की, आगगाडी, काय वाट्टेल ते. बेथलेहेमात आगगाडी कुठून आली, हे विचारायचं नाही. तुमच्या गोठ्याचं वाचून मात्र जरा ओशाळलो. एक विचारू? आमचा 'नाताळ' शब्द पोर्तुगिजांकडून आला. विदर्भात पोर्तुगीज कधी आले नाहीत, तरी तुम्ही नाताळच म्हणता?

अचलपूरची_पोट्टी
११ डिसेंबर, रात्री ९.३०

@गंजभर_तर्री, @खळ_आणि_कागद: दोघांनाही आधी फराळाचा डबा बाजूला काढून ठेवते.
@वसईवाला: गावात नाताळच म्हणतात. नागपूरची भाचरं ख्रिसमस म्हणतात. आजी म्हणते 'मोठा दिवस'.

एक_वाचक
१२ डिसेंबर, सकाळी १०.०५

राग मानू नका, पण मला ही सगळी सरमिसळ वाटते. करंजी दिवाळीची, कंदील दिवाळीचा, भजन वारकऱ्यांचं. यात नाताळाचं असं काय उरलं? मूळ ख्रिसमस म्हणजे बर्फ, झाड, सांता.

निवृत्त_ग्रंथपाल
१२ डिसेंबर, सकाळी ११.४०

बर्फ, झाड आणि सांता यांतलं मूळ काहीच नाही, साहेब. झाड ही जर्मनांची चाल, इंग्लंडात ती घरोघर पोहोचली व्हिक्टोरिया राणीच्या काळात. सांताच्या मागं आहेत संत निकोलस. ते चौथ्या शतकातले मायराचे बिशप, आणि मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. गव्हाणीचा देखावा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी मांडला, तोही खरा बैल आणि खरं गाढव आणून. म्हणजे यांच्या आजोबांचा गोठा मुळाच्या जास्त जवळ झाला. गंमत अशी, की लूकच्या त्या अध्यायात गव्हाण आहे, पण बैलाचा आणि गाढवाचा उल्लेखच नाही. ते लोकांनी आणून बांधले.

भजनांचं म्हणाल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली मुंबईत, पण त्याची सुरुवात आपल्या बाजूची. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. पुढं त्यांनी अभंग लिहिले, कारण त्यांच्या कानात अभंगच होते. दुसरं काय लिहिणार?

एक_वाचक
१२ डिसेंबर, दुपारी १२.१५

बैल-गाढवाचं माहीत नव्हतं. बरं, करंजी खायला माझी हरकत नाही.

निळी_पहाट
१२ डिसेंबर, रात्री ८.५०

आमचं गाव दर्यापूरकडं. पंचवीस डिसेंबरला सकाळी आमच्या बुद्धविहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम असतो. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला त्याच तारखेला ती जाळली. कार्यक्रम आटोपला की आम्ही पोरं पांढऱ्या शर्टात तडक मास्तरांच्या घरी. मास्तर ख्रिस्ती. त्यांच्याकडं केकचे चौकोनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडलेले असायचे, आणि मास्तरीणबाई विचारायच्या, "भाषण कोणी केलं आज?" ज्यानं केलं त्याला दोन तुकडे. मी पाचवीपासून दरवर्षी भाषण केलं. आज थोडंफार बोलता येतं त्यात त्या केकचा वाटा आहेच.

भाचा_नांदगावचा
१३ डिसेंबर, सकाळी ६.५५

वासाबद्दल एक अंदाज. तुमच्या आजीच्या वेळी खेड्यात बटर पेपर कुठून आला? डब्याच्या तळाला काहीतरी घातलंच असणार, नाही तर केक चिकटतो. आमच्याकडं पानगे भाजताना खाली-वर पळसाची पानं लावतात. ती भाजली की तुरट-हिरवा वास सुटतो आणि पानग्याला धरतो. तुमचं वर्णन वाचून मला थेट आमचे पानगेच आठवले. आजीला पानांचं विचारून पाहा.

गंजभर_तर्री
१३ डिसेंबर, सकाळी ८.२०

भाचेबुवा, हे डोक्यातच आलं नाही! पान जाड असतं, तळ करपण्यापासूनही वाचेल.

अचलपूरची_पोट्टी
१४ डिसेंबर, रात्री १०.४०

आजीला फोन लावला. "आजी, केकखाली पळसाचं पान टाकत होती का?" बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तं काय कागद टाकू?"

म्हणजे तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. मी तिला आठ वर्षं मसाले विचारत बसले होते.

@भाचा_नांदगावचा, तुमच्यासाठी डबा नाही, पिंपच.

पुण्यात गॅसवर एक तालीम केली. तळ कोळसा. सोसायटीत धूर. वरच्या मजल्यावरचे काका खाली बघून गेले.

वसईवाला
१५ डिसेंबर, सकाळी ९.००

प्रीतिभोजनाला काय असतं तुमच्याकडं?

अचलपूरची_पोट्टी
१५ डिसेंबर, दुपारी २.३०

दोन चुली. एकीवर मटण, झणझणीत, तर्री वेगळी काढलेली. दुसरीवर वांगं-आलूची भाजी, सांबार वरून भरपूर, आणि गोवऱ्यांवर रोडगे. माळकरी शेजारी, एखादं व्रत धरलेले, ज्यांना नको ते सगळे या पंगतीला. या चुलीचा सराटा त्या चुलीला लागू द्यायचा नाही, हे बघायला माझी एक आत्या स्टूल टाकून बसायची. दुसरं काम तिला नव्हतंच. (परगावच्या कुणासाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवालं नव्हे.)

मूर्तिजापूरकर
१९ डिसेंबर, रात्री ९.१५

स्वेटर भरपूर न्या. २०१८ च्या डिसेंबराअखेर नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता, तुमच्याकडं तर डोंगराची हवा.

अचलपूरची_पोट्टी
२७ डिसेंबर, दुपारी ४.१०

मंडळी, झाला नाताळ. अजून गावीच आहे, देवळाच्या ओट्यावर रेंज मिळते तिथं बसून लिहितेय.

चांदणी: तुराटी सरपणातच सापडली. पाच टेकू लावले, पोट फुगलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरात पोरं म्हणून खळीत मोरचूद मात्र घातलं नाही. परिणाम असा की सकाळी वानेरं आली आणि मैदा चाटता चाटता चांदणीचं एक टोक कागदासकट खाऊन गेली. उरलेली चार टोकांची तशीच टांगली. लांबून पतंगासारखी दिसत होती.

केक: पहिला जळला, सांगितल्याप्रमाणं पोरांना दाखवला नाही. गाईनं खाल्ला. दुसऱ्यासाठी पळसाची ताजी पानं आणली, देठं काढली, धुऊन पुसली, तूप लावून डब्यात तळाला आणि कडेनं लावली. झाकणावर निखारे. पन्नास मिनिटं. झाकण उचललं आणि माझी चुलत बहीण, जी नागपूरला बँकेत अधिकारी आहे आणि कशानंच हलत नाही, ती म्हणाली, "अगं, हाच!" आणि बाहेर निघून गेली. आजीनं तुकडा खाल्ला. "साखर कमी हाय," म्हणाली. मग दुसरा मागितला.

आता गोठा. बैल आता नाहीत, ट्रॅक्टर आहे. एक गाय आहे, तीच उभी होती. आजीला अक्षरं दिसत नाहीत, पण पुस्तक तिला हातात पाहिजे होतं. तिनं धरलं आणि काकांनी मागून वाचलं.

त्यानंतरचं सांगायला खरं तर ही पोस्ट. काकांनी या वर्षी वावरात मेंढ्या बसवल्यात, खतासाठी. धनगराचं बिऱ्हाड डिसेंबरभर तिथंच. गीतफेरी गावातून फिरून शेवटी वावराकडं वळली, कारण पोरांना मेंढ्यांची पिल्लं बघायची होती. थंडी अशी की पेटीवर काकांची बोटं वळेनात. धनगरदादा शेकोटीला घोंगडी पांघरून बसले होते, जाळीच्या आत मेंढ्या, बाजूला घोडं, झोळीत लेकरू. आम्ही दोन भजनं म्हटली. मग माझ्या आठ वर्षांच्या भाच्यानं, संडेस्कूलचं पाठ आहे म्हणून, ताठ उभं राहून गोष्ट सांगितली. रात्रीची वेळ, मेंढपाळ रानात राखण करत होते, देवदूत आला, उजेड पडला, आणि मेंढपाळ घाईनं बेथलेहेमास गेले.

धनगरदादांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "मंग मेंढ्या कोनापाशी सोडल्या त्यायनं?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं. पाळकसाहेब नसले की गेली चाळीस वर्षं काकाच संदेश देतात. ते शेकोटीकडं बघत राहिले.

दादा म्हणाले, "लांडगे-कोल्हे नसतीन का तिकडं?" तेवढ्यात त्यांची बायको झोळी हलवता हलवता बोलली, "एखादा राह्यला असन ना मांगं. सारेच कसे जातीन?" दादांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. आम्ही तिसरं भजन म्हणून परत आलो.

पंचवीसला प्रीतिभोजनाला वहिनी आणि लेकरं आली, दादा आले नाहीत. मेंढ्या होत्या ना. आजीला रात्रीची गोष्ट सांगितली तर ती हसली नाही की काही नाही, एवढंच म्हणाली, "त्याच्यासाठी करंज्या नेऊन देल्या का?" नव्हत्या दिल्या. काका डबा घेऊन सायकलवर गेले ते दोन तासांनी आले. काय बोलत बसला होता विचारलं तर म्हणे, "मेंढ्याइचंच."

निवृत्त_ग्रंथपाल
२७ डिसेंबर, सायंकाळी ५.५०

इतकी टीपा-टिप्पणींची पुस्तकं चाळली, हा प्रश्न कुठं भेटल्याचं आठवत नाही.

निळी_पहाट
२७ डिसेंबर, सायंकाळी ६.३०

त्या वहिनीला दोन तुकडे.

एक_वाचक
२७ डिसेंबर, रात्री ८.००

करंज्या उरल्यात का?

अचलपूरची_पोट्टी
२७ डिसेंबर, रात्री ८.४५

करंज्या संपल्या, चिवडा आहे. कातणं शेजारच्या काकूंकडं परत गेलं. म्हणजे आता त्यांच्या सुनेकडं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, आणि हे मला इथं आल्यावर कळलं.

३१ ला आणखी एक केक करणार, साखर वाढवून. @गंजभर_तर्री, दीड वाटी चालेल का?

गंजभर_तर्री
२७ डिसेंबर, रात्री ९.१०

दीड चालेल, पण साखर वाढली की लवकर लाल होतो. वरचे निखारे कमी करा, आणि चाळिसाव्या मिनिटाला काडी घालून बघा.

वसईवाला
२८ डिसेंबर, सकाळी ८.१५

पळसाची पानं आमच्याकडं कुठं मिळतील? मुंबईत कुणाला माहीत आहे?

भाचा_नांदगावचा
२८ डिसेंबर, सकाळी ८.४०

पत्रावळी-द्रोणांच्या दुकानात विचारा. मशीनच्या नको, हातानं शिवलेल्या मागा. वाळलेली असतील, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे वळतात. आणि शिवणीच्या काड्या मोजून काढा, एखादी केकात राहते.